पुकळे अक्का आणि बसून राहिलेला गडी

आमच्या ऑफिसच्या इमारतीचे मालक वारले, तेव्हा खालच्या पार्किंगमध्ये शोकसभा झाली. दोन-तीन भाषणं झाली आणि शेवटी कोणीतरी म्हणालं, "दोन मिनिटं उभं राहून श्रद्धांजली वाहूया." साठ-सत्तर माणसं उभी राहिली. माना खाली. सांगणारा स्वतःही डोळे मिटून उभा राहिला आणि तिथंच घोटाळा झाला, कारण आता 'बसा' म्हणणारं कोणी उरलंच नाही. दोन मिनिटं झाली, तीन झाली. आपण आधी बसलो तर ते दिसेल कसं, म्हणून कोणी बसेना. मालकांचे म्हातारे मेहुणे डुलायला लागले. तेवढ्यात मागून खणखणीत आवाज आला.

"साडेचार मिन्टं झाली. बसा आता. त्ये गेल्यात, आपल्याला जायाचं न्हाई."

लोक धपाधप बसले. काहींनी रागानं मागं बघितलं, पण आधी बसून घेतलं आणि मग बघितलं.

त्या आमच्या पुकळे अक्का. जिना चढताना मला म्हणाल्या, "निखिल, ध्येनात ठेव. बसवनारा नेमल्याबिगर कुनाला उबं करू ने. मानूस आसू दे न्हाईतर प्रोग्रामातला थ्रेड आसू दे."

सांगलीत विश्रामबागेत, एका झेरॉक्सच्या दुकानाच्या वर आमचं ऑफिस होतं. सात माणसं. रुग्णालयांच्या प्रयोगशाळांसाठी आम्ही प्रोग्राम लिहायचो. मी इस्लामपूरहून रोज एसटीनं यायचो, अनुभव जेमतेम दोन वर्षांचा. अक्का सगळ्यांत जुन्या. पन्नाशीच्या आसपास, ठेंगण्या, सुती साडी आणि पायात पांढरे स्पोर्ट्स शूज. घर आटपाडीकडचं, धनगराचं. वडील मेंढरं घेऊन वर्षातले सहा महिने मुलूख फिरायचे, आणि ही पोरगी शाळेसाठी आजीपाशी मागं राहिली. सांगलीत इंजिनिअर झाली, पुण्याच्या मोठ्या कंपनीत अकरा वर्षं काढली आणि आई-वडील थकले म्हणून परत आली. आई-वडील गेले, अक्का राहिल्या. भाषा मात्र त्यांनी कधी बदलली नाही. पुण्यात परदेशी साहेबासमोर इंग्रजी आणि फोन ठेवला की लगेच, "ह्येला काय बी कळंना झालंय."

अक्कांचे दोन प्रश्न ठरलेले होते. कोणी काही कबूल केलं की पहिला प्रश्न, "किती येळ?" आणि दुसरा, "आन् न्हाई झालं तर?"

नळवाला फोनवर म्हणायचा, "येतो की ताई."

"कवा? किती वाजंस्तवर वाट बगू? आन् न्हाई आलास तर दुसरा बोलवू का तुजीच वाट बगू?"

विश्रामबागेतल्या तीन नळवाल्यांनी त्यांचा फोन उचलणं बंद केलं होतं. लग्नपत्रिका द्यायला आलेल्या माणसाला त्या विचारायच्या, "मुहूर्त बारा-दहाचा हाय म्हंजी अक्षता किती वाजता पडनार?" आणि त्या वेळेनंतर वीस मिनिटं थांबून, आहेराचं पाकीट नवरीच्या मावशीच्या हातात देऊन, न जेवता निघून यायच्या.

स्वतःच्या लग्नाची गोष्टही त्यांनी एकदा डबा खाताना सांगितली. पाहुणे बघायला येणार होते अकराला. अक्का साडेअकरापर्यंत थांबल्या. मग पोहे शेजारच्या पोरांना वाटले, साडी बदलली आणि मेंढरं घेऊन माळावर गेल्या. पाहुण्यांची जीप आली पाऊण वाजता.

"मग?" आम्ही विचारलं.

"मग काय? आयनं त्यास्नी पानी दिलं. पोहे न्हवतंच."

"परत नाही आले?"

"निरोप आलता. आमच्याकडनं कुनी उत्तर दिलं न्हाई." असं म्हणून अक्का मोठ्यानं हसल्या. आम्हीही हसलो. त्या आमच्या आधी थांबल्या आणि डब्याचं झाकण लावू लागल्या.

हे सगळं विक्षिप्तपणाचं वाटेल, पण आमच्या धंद्यात हीच गोष्ट जिवाची होती. आमचा प्रोग्राम एका वेळी अनेक कामं करायचा. प्रयोगशाळेत रक्त तपासणारी पाच-सहा यंत्रं असतात. प्रत्येक यंत्राकडून आकडे आणायला आम्ही एकेक थ्रेड, म्हणजे प्रोग्रामच्या आतला स्वतंत्र कामकरी, नेमलेला. अक्का थ्रेडला 'गडी' म्हणायच्या. गडी यंत्राला विचारतो, यंत्र उत्तर देतं, गडी ते उत्तर नेऊन डॉक्टरांच्या पडद्यावर लावतो. पडद्यावरच्या यादीत दोघांनी एकदम लिहून गोंधळ होऊ नये म्हणून यादीला एक किल्ली. ज्याच्या हातात किल्ली, त्यानंच लिहायचं. बाकीच्यांनी रांगेत थांबायचं.

आता एखादं यंत्र मुकं झालं तर? गडी थांबणार. आणि किल्ली हातात धरून थांबला, तर त्याच्यामागं सगळेच थांबणार.

"बंद पडल्याला प्रोग्राम बरा," अक्का म्हणायच्या. "पडला की बोंबलतो, लोकं पळत येत्यात. बसून ऱ्हायल्याला गडी बोंबलत न्हाई. हजेरी लागती, पगार चालू, काम शून्य. आन् लांबनं बघनाऱ्याला वाटतंय, रानात मानूस हाय."

म्हणून प्रत्येक थांबण्याला वेळेची मर्यादा घाला, हा त्यांचा पहिला नियम. पण नवशिके तेवढ्यावर खूश होतात, म्हणून दुसरा नियम त्याहून कडक. वेळ संपल्यावर काय करायचं, तेही लिहा. किल्ली सोडा. ठरावीक वेळा परत विचारा. तरी जमलं नाही तर वर सांगा. "येळ संपली म्हंजी काम झालं न्हाई आसं समजू नगं," त्या सांगायच्या. "झालं बी आसंल, निरोप वाटंत आसंल. आपल्याला ठावं न्हाई, येवढंच खरं. मग ठावं न्हाई म्हनून सांगायचं. त्यात लाज कसली?"

एका शनिवारी दुपारी अक्का माझं काम तपासत होत्या. आटपाडीला भाच्याकडं कार्यक्रम होता, बसची वेळ झाली होती, पिशवी खुर्चीला टांगलेली. माझ्या एका ओळीवर त्यांचं बोट थांबलं. गडी यंत्राच्या उत्तराची वाट बघत होता आणि किती वेळ, ते मी लिहिलंच नव्हतं.

"किती येळ?"

"तीस सेकंद घालतो."

"आन् न्हाई झालं तर?"

"परत विचारतो."

"किती बार?"

"तीनदा. मग किल्ली सोडतो आणि लाल सूचना दाखवतो. घालतो अक्का, तुम्ही निघा."

त्या निघाल्या. मी तीस सेकंद घातले. नाही आलं तर परत विचार, हेही घातलं. तेवढ्यात कोणाचा तरी फोन आला, मग सगळ्यांबरोबर खाली वडे खायला गेलो, आणि वर येऊन त्या कामापुढं 'झालं' अशी खूण करून टाकली. तीनदाची मर्यादा राहिली. किल्ली सोडायची राहिली. म्हणजे माझा गडी आता तीस सेकंद थांबणार, मग आणखी तीस, मग आणखी तीस, किल्ली मुठीत धरून, जन्मभर.

चार महिने काही झालं नाही. यंत्रं बोलत होती तोवर ती ओळ निरुपद्रवी होती.

मग एका दुपारी पावणेचारला सातारा भागातल्या एका रुग्णालयातून फोन आला. दोन तास एकही अहवाल पडद्यावर आलेला नाही. अक्का त्यांच्या संगणकाला दुरून जोडल्या गेल्या. प्रोग्राम चालू होता. कुठंही चूक दाखवत नव्हता. सगळ्या रुग्णांसमोर पिवळ्या अक्षरांत एकच, 'अहवाल प्रतीक्षेत'. अक्कांनी प्रोग्राम बंद करण्याआधी, त्या क्षणी कोणता थ्रेड कोणत्या ओळीवर उभा आहे, याची यादी काढून घेतली. मग बंद करून चालू केला. भराभर अहवाल पडले.

त्या यादीत एक गडी एका यंत्राच्या दारात उभा होता. बाकीचे पाच गडी त्याच्यामागं.

अडकलेल्या अहवालांत एक पोटॅशियमचा होता. किडनीची जुनी दुखणेकरी बाई, वय त्रेपन्न, नाव कमल. आकडा भयंकर वाढलेला, हृदय थांबवू शकेल इतका. असा आकडा आला की वॉर्डात भोंगा वाजवण्याचं कामही आमच्याच प्रोग्रामकडं होतं. आकडा यंत्रानं वेळेवर दिला होता. तो एक तास चाळीस मिनिटं आमच्या प्रोग्रामच्या आत, रांगेत उभा होता. नंतर कळलं, तिच्या नवऱ्यानं तीनदा जाऊन विचारलं होतं. नर्सनं तीनदा पडदा बघून सांगितलं होतं, "येतोय रिपोर्ट. बसा."

बाई त्या संध्याकाळी गेली.

आमचे सर वाईट माणूस नव्हते. सात घरं त्या ऑफिसवर चालत होती. त्यांनी रुग्णालयाला पाठवायचं पत्र लिहिलं, 'नेटवर्कमधील तात्पुरत्या अडथळ्यामुळे'. अक्कांनी ते वाचलं.

"सर, अडथळा मशिनीचा. तितं बसून ऱ्हायला त्यो आपला गडी."

"अक्का, त्यांचेच डॉक्टर म्हणतायत, वेळेत कळलं असतं तरी खात्री नव्हती."

"त्ये डॉक्टरनं ठरवायचं हुतं. आपुन त्येच्या हातात आकडाच दिला न्हाई."

पत्र तसंच गेलं. दुसऱ्या दिवशी अक्कांनी स्वतःच्या नावानं दोन पानांचा खरा अहवाल रुग्णालयाला पाठवला. मग आमचा प्रोग्राम सगळीकडं बदलला. वेळ संपली की आता पडद्यावर लाल अक्षरांत येत होतं, 'अहवाल मिळालेला नाही. प्रयोगशाळेला फोन करा.' रुग्णालयानं दोन महिन्यांनी आमचं काम काढून घेतलं. सर अक्कांशी कामापुरतंच बोलू लागले. रुग्णालयानं त्या बाईच्या घरी काही कळवलं की नाही, ते आम्हाला समजलं नाही. निदान मला तरी.

मी त्या आठवड्यात अक्कांना जिन्यात गाठलं. "अक्का, ती ओळ माझी आहे."

"ठावं हाय. तुजं नाव हाय तितं."

"तुम्ही विचारलं होतं. मी घालतो म्हणालो आणि..."

"म्या इचारलं, आन् परत बघितलं न्हाई," अक्का म्हणाल्या. "इचारनं सोपं आसतंय." एवढं बोलून त्या वर गेल्या. दारापाशी पोचल्यावर वळल्या, "दोन दीस डबा तसाच परत न्हेतोयस. खा." पुन्हा कधी त्यांनी तो विषय काढला नाही.

मी काढला नाही, कारण भीती वाटत होती. पोलीस येतील, पेपरात येईल, कोणी नाव घेईल. कोणी आलं नाही, कोणी नाव घेतलं नाही. आणि ते न होणंच सहन होईना. त्या रुग्णाच्या नोंदीतलं गावाचं नाव माझ्या डोक्यातून जात नव्हतं.

दीड वर्षानं कामासाठी साताऱ्याला गेलो होतो. काम दुपारीच संपलं. स्टँडवर त्या गावाची बस उभी दिसली आणि मी चढलो. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. एवढंच ठरवलं होतं, की सांगायचं.

स्लॅबचं छोटं घर. भिंतीवर गणवेशातला एक जुना फोटो, शेजारी चंदनाचा हार घातलेला बाईचा फोटो. पांढऱ्या मिशांचा उंच माणूस बाहेर आला. कमलचे नवरे. गाव त्यांना आबा म्हणायचं. पलटणीत सतरा वर्षं काढून आलेले.

"कुठलं पावनं?"

"सांगलीहून आलो. ते रुग्णालयाचे रिपोर्ट... त्या कंपनीत असतो."

मला वाटलं, आता दार लागणार. आबांचा चेहरा उजळला. "म्हंजी बाईंच्या हापिसातलं व्हय? आवं या की आत! बाईंनी धाडलं?"

मी आत जाऊन बसलो. आबाच सांगू लागले.

"तेराव्याच्या आधीच आलती. दारात उबी ऱ्हाऊन म्हनली, रिपोर्ट आमच्यामुळं अडकला, लिवनारी मी. म्या हातातला तांब्या फेकून मारला. खांद्याला लागला तिच्या. तांब्या उचलून कट्ट्यावर ठिवला आन् म्हनली, म्होरल्या म्हैन्यात येते. म्या म्हनलं, तोंड दावू नगंस."

"मग?"

"मग काय, आली की! आलेली बगितली का म्या आत जाऊन कडी लावायचो. चारदा आसं झालं. पाचव्यांदा आली तवा माजा हात भाजल्याला. पोरगा मिलिटरीत, लांब आसामकडं. सतरा वरसं पलटनीच्या लंगरात आयतं खाल्लं, मला कुठली भाकरी येतीया? तर न इचारता आत शिरली, पीठ मळलं. दोन-तीन म्हैनं नुसती भाकरी शिकवत हुती. माजी पयली भाकरी बगून म्हनली, आबा, ही भाकर हाय का सातारा जिल्ह्याचा नकाशा?"

आबा हसता हसता डोळे पुसू लागले.

"कमलचं समदं इचारती. कशी बोलायची, काय आवडायचं, भांडायची का. गावात आता कुनी नाव काडत न्हाई तिचं. पोरगा बी फोनवर विषय बदलतो. ही बसून ऐकती. गेल्या म्हैन्यात म्याच म्हनलं, बाई, म्या सोडलं आता. तू बी सोड. तवा रडली. तवर कदी रडली न्हवती." मग म्हणाले, "लय सच्ची बाई. दुसरं कोन आलं आसतं सांगाय?"

माझ्या तोंडात शब्द आले होते. आबा चटणी आणायला आत गेले. आले की सांगायचं, असं मी ठरवलं. ते ताट घेऊन आले, भाकरी, चटणी, वर कांदा फोडून. "खावा पावनं, म्या केलीया." भाकरी जवळजवळ गोल होती. मी खाल्ली. आणि न सांगता उठलो.

साताऱ्याच्या स्टँडवरून अक्कांना फोन केला. "अक्का, मी आबांकडं गेलो होतो."

पलीकडून आलं, "भाकरी कशी झालती?"

"चांगली. अक्का, तुम्ही त्यांना माझी ओळ तुमची म्हणून सांगितलीत. मला आज बोलता आलं नाही, पण पुढच्या वेळी सांगणार आहे."

"का?"

"खरं आहे म्हणून."

"खरं हाय. त्येनं तुला हलकं वाटंल. त्येला काय वाटंल?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"त्या मानसानं दीड वरीस घालून एका मानसाला माफ केलंया," अक्का म्हणाल्या. "आता तू जाऊन म्हननार, आबा, मानूस चुकला, परत पयल्यापासनं करा. नगं लेकरा. तुला जड हाय, तर तूच उचल त्ये."

"मग मी करू काय?"

"म्या म्हैन्यातनं एकदा जाते, रविवारी. तू बी येत जा." मग थोडा आवाज उतरवून म्हणाल्या, "येष्टीत तीन-चार तास एकटीला लय कट्टाळा येतोय. घरात बी तसंच. आबांकडं निदान कुनीतरी वाडून देतंय."

नऊ वर्षं अक्का आमच्यात होत्या. रविवारी त्या कुठं जेवतात, हा प्रश्न आम्हा बाकीच्या सहांपैकी कोणालाच कधी पडला नव्हता.

त्यानंतर तीन वर्षं आम्ही दोघं जात होतो. आबा गेल्या उन्हाळ्यात झोपेतच गेले. म्हणून हे आज लिहितो आहे. अक्कांना विचारलं, तर म्हणाल्या, "लिव. पर माजं लय लिवू नगंस."

आबांना शेवटपर्यंत कळलं नाही. दर वेळी आम्ही तिघं भिंतीला टेकून जेवायला बसायचो. आबा मला मोठी भाकरी वाढायचे आणि अक्कांकडं हात करून म्हणायचे, "पावनं, खरं कसं बोलायचं त्ये ह्या बाईकडनं शिका." मी म्हणायचो, "हो आबा." अक्का मान वर न करता चटणीची वाटी माझ्याकडं सरकवायच्या.